रेसिंग गेममध्ये नसलेली कोणती गाडी तुम्हाला मनापासून हवी आहे, आणि का?

महिंद्रा कमांडर. तीसुद्धा शोरूममधून निघाल्यासारखी चकचकीत नको. काळीपिवळी हवी. पत्र्याचं टप, वर कॅरियरला बांधलेली कापसाची दोन गाठोडी, आत कोंबलेल्या चौदा सीट आणि मागच्या फूटबोर्डावर लोंबकळणारी तीन-चार पोरं. थट्टा करतोय असं वाटेल तुम्हाला. पण पंचवीस वर्षं झाली गेम खेळतोय, लॅम्बोर्गिनीपासून कोनिगसेगपर्यंत सगळं हातातून गेलंय, आणि त्यातल्या एकीनेही कन्नडच्या घाटाएवढा घाम काढलेला नाही.

माझे वडील, घरात आणि स्टँडवर सगळे त्यांना आप्पा म्हणतात, चाळीसगाव-कन्नड काळीपिवळी चालवायचे. २००६ मध्ये गाडी विकली. पासिंग किती सीटचं होतं ते आता विचारू नका. पश्चिम महाराष्ट्रात याला वडाप म्हणतात. आमच्या खान्देशात नुसतं ‘काळीपिवळी’, मग ती कमांडर असो, मार्शल असो की ट्रॅक्स.

या धंद्यात रोज शर्यत असते हे बाहेरच्यांना माहीत नसतं. स्टँडवर कन्नडची एसटी लागलेली असायची. आप्पांना तिच्या पाच-सात मिनिटं आधी निघायचं असायचं. फार आधी निघालं तर पुढच्या फाट्यांवर माणसंच जमलेली नसतात. उशीर झाला तर एसटी सगळी सीट उचलून नेते आणि तुम्ही मागून रिकामे. म्हणजे तिच्या पुढेच राहायचं, पण थोडंच पुढे. वर प्रत्येक फाट्यावर थांबायचं, कारण थांबल्याशिवाय पैसा नाही. नुसतं दामटून भागत नाही. कुठे थांबायचं, कुणाचं बोचकं टपावर चढवण्यात दोन मिनिटं घालवायची, आणि कुणाला “मागून गाडी येतेय हो” म्हणून सोडून द्यायचं, हा हिशेब चालत्या गाडीत करायचा. आरशात एसटीचा लाल ठिपका दिसायला लागला की क्लीनर टपावर दोन थापा मारायचा. कुठल्या गेम कंपनीने एवढी चांगली रेस बसून लिहिली असती?

आता यातली खरी गंमत. सिम्युलेशन पद्धतीच्या रेसिंग गेममध्ये गाडी सुरुवातीला जड असते आणि इंधन जळत जाईल तशी हलकी होत जाते, शेवटच्या फेऱ्यांत जास्त पळते. आमच्याकडे उलटं. फाट्यागणिक गाडी जड होत जाते आणि सगळ्यात जड झालेली असते तेव्हाच समोर घाट येतो.

कमांडरला पुढे-मागे दोन्हीकडे कमानपाटे. स्टेअरिंगला बोटभर प्ले. आप्पांची डीपी होती, म्हणजे प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, ताकद साठेक अश्वशक्ती. (त्याच प्यूजोची २०५ टी-१६ रॅली गेममध्ये मिरवत असते. आमच्या वाट्याला तिचं कष्टाळू नातेवाईक आलं.) मागचे बाक आडवे, समोरासमोर, आणि फूटबोर्डावरची पोरं तर मागच्या चाकांच्याही मागे. एवढा भार मागे गेला की चढावर गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी थोडा विचार करून वळते. आप्पांचा यावरचा उपाय साधा होता. फाट्यावर जाडजूड माणूस दिसला की, “या शेठ, पुढं बसा.” लहानपणी मला वाटायचं आप्पा मोठ्या माणसांना मान देतात. कॉलेजात गेल्यावर कळलं की ते पुढच्या चाकांवर वजन टाकत होते.

घाट म्हणजे चाळीसगावच्या दक्षिणेला लागतो तो. कागदावर औट्रम घाट, लोकांच्या तोंडी कन्नडचा घाट. २०२१ च्या ऑगस्टअखेरच्या पावसात दरडी कोसळून बंद पडला होता, तोच. चढताना पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. वर पोचलं की बोनेट उघडून रेडिएटरला पाणी, तेही फडकं धरून झाकण अर्धंच फिरवून, वाफ जाऊ देऊन मग. पण खरी कसोटी उतरताना. भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली की ड्रम तापतात, जळका वास सुटतो आणि पॅडल नुसतंच आत जायला लागतं. म्हणून दुसरा टाकायचा आणि गाडी इंजिनवर सोडायची. इंजिन ओरडतं, गाडी धरून राहते, पाय ब्रेकच्या वर नुसता तरंगत. आप्पा उतारावर कुणाशी बोलत नसत. डावा हात गिअरच्या दांड्यावर, दांडा थरथरतोय, आणि मागून कुणी विडी मागितली तरी मान वळवायची नाही. हे सगळं मला गेममध्ये हवंय. ताशी तीनशेचा आकडा नकोय.

ही खोड जुनी आहे माझी. शाळेत असताना एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ‘मिडटाउन मॅडनेस’ खेळायचो, १९९९ चा, शिकागो शहरातला गेम. सगळी पोरं मस्टँग घ्यायची. मी सिटी बस घ्यायचो. हरायचो, पण चौकात ती बस वळवताना पोटात जो गोळा यायचा तो मस्टँगमध्ये कधी आला नाही. कॅफेवाला म्हणायचा, “भो, पैसे देऊन बसच चालवायची तर डेपोत जा.”

बाकी चाहत्यांचं म्हणाल तर प्रत्येकाची गाडी त्याच्या गावावरून ओळखता येते. भुसावळचा मित्र, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, त्याला काळ्या काचांची कॉन्टेसा हवी, कारण त्यांच्या कॉलनीत एका साहेबांची होती आणि पोरांना हात लावू देत नसत. नंदुरबारच्याला जिप्सी हवी आणि ती फक्त तोरणमाळला नेण्यासाठी. या मागणीत मात्र दम आहे. १९८५ मध्ये आलेली जिप्सी आपल्याकडे रॅलीत वर्षानुवर्षं पळाली, तिला गेममध्ये घ्यायला कुणाला लाज वाटायचं कारण नाही. रावेरचा एक जण म्हणतो, टाटा ४०७ द्या, मागे केळी भरून, आणि माल काळा पडायच्या आत पोचवायचा. माझा भाचा म्हणतो थार. त्याच्या वयाच्या सगळ्यांचं उत्तर थारच आहे, त्यावर काय बोलणार. मारुती ८०० मागणारे सगळीकडे भेटतात. त्यांना मी सांगतो, तुमची मागणी अर्धी पुरी झालीय. आपली ८०० म्हणजे मुळात सुझुकीची ऑल्टो, आणि त्या घराण्यातली ऑल्टो वर्क्स ‘ग्रॅन टुरिस्मो’त कधीच येऊन गेली.

आता व्यवहाराचं. भारतीय गाड्यांना गेमवाले विचारत नाहीत, ही तक्रार मी पूर्वी फार करायचो. ती तितकीशी खरी नाही. जॅग्वार आणि लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या. म्हणजे टाटांच्या गाड्या तुम्ही कितीतरी गेममध्ये पळवल्यात, फक्त नाव टाटा नाही. २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला टाटांनी टॅमो रेसमो दाखवली, १.२ लिटर टर्बो, १९० अश्वशक्ती, दोन सीट, आणि ती ‘फोर्झा होरायझन ३’ शी जोडूनच जाहीर केली. म्हणजे गाडी रस्त्याआधी गेमसाठी. ती रस्त्यावर शेवटपर्यंत आलीच नाही.

अडचण असते परवान्यांची. गेममध्ये खरी गाडी दाखवायची तर तिच्या कंपनीची परवानगी लागते आणि ती मुदतीची असते. ‘फोर्झा होरायझन ४’ चांगला चालू असताना १५ डिसेंबर २०२४ ला विक्रीतून काढला, कारण परवाने संपले. पोर्शेचा परवाना वर्षानुवर्षं, २०१६ पर्यंत, ईए या एकट्या गेम कंपनीकडे होता. मग बाकीचे गेम पोर्शेऐवजी रुफच्या, म्हणजे पोर्शेवरूनच गाड्या बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या, गाड्या दाखवून वेळ मारून न्यायचे. आपल्या जुन्या गाड्यांत तर हा गुंता आणखी वाढतो. अँबॅसडर कुणाकडे मागायची? तिचं नाव हिंदुस्तान मोटर्सने २०१७ मध्ये प्यूजोला ऐंशी कोटींना विकून टाकलं. आणि माझ्या कमांडरचं थोबाड विलीज जीपचं. महिंद्राची तशाच चेहऱ्याची रॉक्सर अमेरिकेत गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून जीपवाल्यांनी २०१८ मध्ये तक्रार केली आणि २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला. पुढे चेहरा बदलावा लागला. असल्या भांडणातली गाडी कुठला गेमवाला हौसेने अंगावर घेईल?

तरीही मी आशा सोडलेली नाही, आणि त्याचं कारण लंडनची टॅक्सी. २०१८ चा ‘होरायझन ४’ ब्रिटनमध्ये घडतो, आणि त्यात ऑस्टिन एफएक्स-४ आहे, म्हणजे लंडनची ती काळी टॅक्सी. तीन चाकांची पील पी-५० सुद्धा आहे, जिला आमच्याकडे मिनीडोरवाल्यांनीही हसून घेतलं असतं. या गाड्यांना वेग नाही, रूप नाही. मग घेतल्या का? कारण गेमचा देश ब्रिटन होता आणि त्या रस्त्यावर त्या शोभतात. मेक्सिकोवरचा पुढचा भाग आला तसा बीटलला मान मिळाला. म्हणून मला वाटतं, चाहते सुट्या गाड्यांच्या याद्या पाठवत बसतात ते चुकतंय. सातपुड्याचा पायथा, तापीवरचे पूल, लळिंगचा घाट, कन्नडचा घाट असा एखादा नकाशा मागायला हवा. नकाशात खान्देश आला की कमांडरला वेगळं निमंत्रण लागणार नाही. लंडनला काळी टॅक्सी चालते तर आमची काळीपिवळी का नको, तिला तर एक रंग जास्त आहे.

तोवर मॉड्सवर भागवायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मॉड म्हणजे चाहत्यांनी घरी बनवून गेममध्ये घातलेली गाडी. इंडोनेशियाच्या बस सिम्युलेटरमध्ये आपल्या पोरांनी लालपरी घातलीय ती अशीच. २०१४ च्या ‘असेटो कोर्सा’तही अशा गाड्या घालता येतात. गेल्या दिवाळीत भाच्याने त्यात कुठूनतरी एक जुनी जीप शोधून घातली आणि रस्ता म्हणून जपानच्या डोंगरातला एक घाट. कमांडर नव्हती, पण लांबून बघितलं तर तशीच. स्टेअरिंग व्हील टेबलाला क्लॅम्प केलेलं, खाली पॅडल. आप्पा खाटेवर बसून शेंगा सोलत होते. आधी त्यांनी लक्षच दिलं नाही. मग म्हणाले, “यामा आपली कमांडर नही शे का?” नाही म्हटलं. परत शेंगा.

भाचा उतारावर होता. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण, परत ब्रेक. दोन वळणं झाली, तीन झाली. शेंगांचं ताट बाजूला सरकलं.

“ब्रेक कसाले दाबस रे? दुसरामा टाक.”

भाच्याने टाकला. स्पीकरमधलं इंजिन ओरडायला लागलं, गाडी धरून राहिली. आप्पांनी मान डोलावली नाही की शाबासकी दिली नाही. फक्त उठून खुर्चीमागे येऊन उभे राहिले, आणि पुढचं वळण दिसायच्या आधीच त्यांचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला होता.