मिनिटाचे पैसे मोजून भविष्य विचारणारी आक्का

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, यावलकडे दिलीय, घरची केळी आहे, खायला-प्यायला कमी नाही. पण भाचीचं लग्न जमेना, दोन ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली, तेव्हापासून आक्का मोबाईलवर अ‍ॅपमधल्या एका भविष्यवाल्या मॅडमशी बोलते. मिनिटावर पैसे. आधी छोटे छोटे रिचार्ज, मग पूजेचे म्हणून मॅडमच्या स्वतःच्या नंबरवर ३१,००० पाठवले, आता भाऊजींना न सांगता पोत गहाण ठेवायचं चाललंय. मॅडम म्हणे घरातल्याच बाईने करणी केलीय, नाव स वरून. आक्काच्या जाऊबाईंचं नाव स वरूनच आहे. झालं, बोलणं बंद, श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोटसुद्धा वेगळे केले. बीपीची गोळी पण ग्रह शांत होईपर्यंत नको म्हणून सोडलीय. काही बोललं की म्हणते, मग तिला माझ्या घरातलं सगळं कळलं कसं? ताई, काय करू? पैसे परत मिळतील का?

उत्तर : आधी गोळी. बाकी सगळं चार दिवस मागेपुढे झालं तरी चालेल, गोळीचं नाही. बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काही दुखत नाही, माणूस म्हणतो मी तर ठणठणीत आहे, आणि एक दिवस लकवा मारतो नाहीतर हार्टवर येतं. तेव्हा मॅडम खरी की खोटी हा वाद घालू नका, सरळ यावलला जा, आक्काला घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे बीपी मोजून या, गोळी आहे तीच सुरू करायची की बदलायची ते डॉक्टर सांगतील. फोनवर गोळी बंद करायला सांगणारी बाई उद्या काही झालं तर दवाखान्यात येणार नाहीये.

आता तिला सगळं कळलं कसं. आक्काला एवढंच विचारा की पहिल्या कॉलला जास्त कोण बोललं. मुलांच्या काळजीने झोप लागत नाही ना, असं पन्नाशीच्या कुठल्याही बाईला म्हणा, ती हो म्हणणार आणि पुढचं स्वतःच सांगणार. ते स अक्षर घ्या. आपल्याकडे सुनंदा, सरला, संगीता, सविता, सिंधू, एवढ्या भाऊबंदकीत एक तरी स निघणारच. मॅडम म्हणाली असेल जवळची बाई, आक्का म्हणाली असेल अगंबाई म्हणजे आमची जाऊ का, आणि मॅडम म्हणाली असेल मी नाव घेत नाही, तुम्ही समजून घ्या. म्हणजे नाव आक्काच्याच तोंडून आलं आणि आक्काला वाटतंय मॅडमनी सांगितलं. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या सगळ्या मुलांना त्यांचा स्वभाव म्हणून एकच मजकूर वाटला, तो पण भविष्याच्या पुस्तकातून उचललेला, आणि मुलांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले, म्हणजे अगदी माझंच वर्णन आहे म्हणून.

आपल्याकडचंही सांगते, कारण आक्का म्हणेल ते परदेशातलं. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना आवाहन केलं, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि म्हटलं ओळखा कोण कुठला. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. एवढा मोठा फरक जर कुंडलीत दिसत नसेल तर भाचीचं लग्न कोणामुळे अडलंय ते फोनवर कसं दिसणार?

आणि मिनिटावर पैसे असले की पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं. थांबा पत्ते मांडते, थांबा ध्यान लावते, तोपर्यंत मीटर चालू. प्रश्न सुटला तर फोन बंद होणार, म्हणून तो सुटत नाही, एक दोष गेला की दुसरा निघतो. घरी सांगू नका, नाहीतर उपायाचा गुण जातो, असंही बहुतेक सांगितलं असेल, विचारून बघा. भाऊजींपासून लपवणं तिथूनच आलं असावं असं मला वाटतं.

मला तुमच्या पत्रात ३१,००० पेक्षा रोटाचं जास्त लागलं. कानबाईचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात, तेच वेगळे झाले म्हणजे घर फुटलं, आणि ज्या बाईने फोडलं तिने यावल पाहिलंही नसेल. करणीचा आळ ही साधी गोष्ट नाही हो, आपल्याच नंदुरबारकडे सातपुड्यात बायांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, जीव गेलेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमुक माणूस करणी करतो असं भासवून त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० दंड. नुसतं भविष्य सांगणं या कायद्यात येत नाही, हेही लक्षात ठेवा. जाऊबाईंकडे तुम्ही स्वतः जा. त्यांना अजून माहीतही नसेल आपल्यावर काय आळ आलाय.

आक्काला वेडी म्हणू नका, हसू तर अजिबात नका, नाहीतर तिला ऐकणारी ती मॅडम एकटीच उरेल. ती मॅडमला फोन करते त्या वेळेला तुम्हीच करा. भाचीशी पण बोला, लग्न तिचं आहे आणि अख्ख्या पत्रात तिला काय वाटतं ते एकदाही आलं नाही, तिला कदाचित ती दोन्ही स्थळं नकोच असतील. रात्र रात्र झोप नसेल, रडू येत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आणि फुकट, मराठीत बोलतात.

पैशांचं. रिचार्ज करून बोलून झालं ते गेलं असं धरा. मॅडमच्या नंबरवर गेलेले ३१,००० मात्र वेगळे, त्यासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा, बँकेला लेखी कळवा, गरज पडली तर पोलिस स्टेशनला जा. चॅट, कॉलची यादी, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काही डिलीट करू देऊ नका. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते, त्यामुळे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण तक्रार असली तर मॅडमचा पुढचा फोन आला तेव्हा दाखवायला काहीतरी हातात राहतं. यूपीआयमध्ये ऑटोपे चालू आहे का तेही बघून बंद करा. आणि पोत अजून घरात आहे तोवर भाऊजींना सांगा, आक्काच्या समोर सांगा, तिच्या पाठीमागे नको.