ओटा नव्याने करताना सिलिंडर गॅलरीत ठेवून नळी भिंतीतून आणली तर चालेल का?

सिलिंडर गॅलरीत चालेल, पण रबरी नळी भिंतीतून मुळीच आणू नका. भिंतीतून फक्त तांब्याचा पाइप न्यायचा. लातूर-उदगीर भागात वीसेक वर्षं ओट्यांचीच कामं करतोय, म्हणून सांगतो. भिंतीत गेलेली नळी दिसत नाही. एका घरी जुना कडप्पा काढला, तर आतल्या नळीवर उंदराच्या दातांच्या दोन बारीक खुणा होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. तांब्याच्या पाइपला शेगडीजवळ, सहज हात पोचेल असा कॉक ठेवा, आणि तिथून शेगडीपर्यंतच सुरक्षा नळी लावा. तीही दीड मीटरच्या आतली, दर पाच वर्षांनी बदलायची. सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीच नाही.

गॅलरी पश्चिमेची असेल तर मात्र सिलिंडर आतच बरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, टाकीवर थेट ऊन नको. मग ओट्याखाली ठेवा, उभाच, आणि कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी करून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर फरशीवर साचतो. वरच्या एक्झॉस्ट फॅनने तो निघत नाही. सुतार दिसायला बरं म्हणून जाळी वर करतात, ऐकू नका.

पाइप जोडायला एजन्सीचाच माणूस बोलवा, प्लंबर नको.