मंगळावरची निळी संध्याकाळ

प्रश्न : सर, माझा मुलगा तिसरीत आहे. वहीचे समास, लाइटबिलाची मागची बाजू, जिथे कोरी जागा दिसेल तिथे ग्रह आणि रॉकेटं काढतो. शाळेतल्या स्पर्धेत त्याने मंगळावरचा सूर्यास्त काढला आणि सूर्याभोवती निळा रंग दिला. ‘मंगळ लाल असतो’ असं सांगून परीक्षकांनी चित्र बाजूला ठेवलं. तेव्हापासून तो प्रत्येक रंग विचारून विचारून भरतो. त्याचे बाबा म्हणतात, चित्रं काढून कुणी शास्त्रज्ञ होत नाही, त्यापेक्षा विज्ञानाची पुस्तकं वाचायला लाव. मी त्याचे रंग दुरुस्त करत जाऊ का? आणि अंतराळाची आवड टिकावी म्हणून त्याला काय आणून देऊ?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी त्या निळ्या रंगाचा निकाल लावू. मंगळावर सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसरच उजेड दिसतो. तिथल्या हवेत इतकी बारीक धूळ आहे की तिच्यातून येताना निळा प्रकाश सूर्याच्या आसपास जास्त राहतो. दिवसा मात्र तेच आभाळ तांबूस-पिवळट. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी नावाच्या गाडीने २०१५ साली तिथून असे निळे सूर्यास्त टिपून पाठवलेत. तुमच्या मुलाला हे ठाऊक होतं की त्याचा लाल खडू संपला होता, ते त्यालाच विचारा. मला दोन्ही उत्तरं चालतील.

परीक्षकांवर मी फार रागावणार नाही. एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यातली पहिली कितीतरी वर्षं सूर्य पिवळाच हवा म्हणून मीही पोरांच्या वह्यांवर फुल्या मारल्या आहेत. पुढे कळलं, अंतराळातून सूर्य पांढरा दिसतो. त्या वह्या आता कुठून परत मागवू?

बाबांसाठी एक गोष्ट. १९६५च्या जुलैत मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याने काढलेले फोटो आकड्यांच्या रूपात, अगदी रखडत रखडत पृथ्वीवर येत होते. संगणकाने चित्र जुळवून देईपर्यंत कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या इंजिनिअरांना दम निघेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, दुकानातून पेस्टल खडू आणले, कुठल्या आकड्याला कुठला रंग ते ठरवलं आणि हाताने भरत बसले. मंगळाचं जवळून टिपलेलं पहिलं चित्र असं खडूंनी रंगलं. सगळे इंजिनिअर होते, एवढं बाबांना जरूर सांगा.

आता दुरुस्तीचं. आमच्या एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र वेगळं, स्मरणचित्र वेगळं, संकल्पचित्र वेगळं. घरीही तसंच धरा. मनातल्या ग्रहाला जांभळी झाडं असोत नाहीतर चार सूर्य, तिथे बोट घालू नका. जे डोळ्यांनी पाहून काढायचं, ते मात्र दिसतं तसंच. माझी चिडचिड होते ती कॅलेंडरवरून उचललेल्या चंद्राची : उभी कोर आणि तिच्या पोटात चांदणी! अहो, तिथे चंद्राचा अंधारा भाग असतो, त्याच्या आरपार चांदणी दिसेल कशी? आणि आपल्याकडे फाल्गुन-चैत्रातली संध्याकाळची कोर उभी नसतेच, होडीसारखी जवळजवळ आडवी पडलेली असते. हे तुम्ही सांगू नका. त्याला गच्चीवर न्या, पाटी-खडू हातात द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, हे मला माहीत आहे.

शुद्ध अष्टमीच्या आसपास सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर असतो. कुणाकडे दुर्बीण असेल तर मागून आणा, पक्षी बघायची साधी चालेल. पौर्णिमेला नको. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, चंद्र पुरीसारखा सपाट दिसतो. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेजवळ बघायचं, तिथे खड्डे उठून दिसतात.

१६०९ साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढलं. त्यात एक वाकडीतिकडी रेघ आणि थोडे डाग, बास. हॅरियट गणितात तरबेज माणूस होता, तरी. काही महिन्यांनी इटलीत गॅलिलिओने चंद्र काढला तो तपकिरी रंगाच्या पातळ-दाट छटा देत. त्याला छायाप्रकाशाची सवय होती. अंधाऱ्या बाजूला सुटे उजळ ठिपके दिसले तेव्हा त्याने ओळखलं की ही डोंगरांची शिखरं, पायथ्याच्या आधी त्यांच्यावर ऊन पोचलंय.

तुमच्या मुलाला ही छाया घरातच दाखवता येईल. परातीत दोन बोटं जाड पांढरी रांगोळी पसरा, फुलपात्राच्या बुडाने सपाट करा. वरून चहाच्या गाळणीने गेरूचा पातळ थर चाळा. छातीच्या उंचीवरून लहानमोठ्या गोट्या टाका. गोटी अलगद उचलली की खाली खड्डा, भोवती उंच कड, आणि गेरूवर चौफेर उडालेली पांढरी रांगोळी. चंद्रावरच्या काही खड्ड्यांभोवती असेच पांढरे पट्टे दिसतात. मग दिवा घालवा आणि टॉर्च परातीच्या काठाला टेकवून आडवा धरा. आता खड्ड्याचं चित्र काढायला सांगा. मुलं हटकून चेंडूसारखी छाया देतात, टॉर्चकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळी. माझ्या वर्गात सहावीतली एक मुलगी बराच वेळ परातीला नाक लावून बसली आणि म्हणाली, “सर, हे उलटंय. टॉर्चजवळची भिंत काळी आहे, लांबची चमकतेय.” तिने पहिलं चित्र खोडलं नाही, शेजारी दुसरं काढलं. टॉर्च हळूहळू वर नेऊन डोक्यावर आणला की खड्डे विरघळल्यासारखे दिसेनासे होतात. तीच पौर्णिमा.

आणून द्यायचं म्हणाल तर काळा कार्डशीट, पांढरा खडू, कोळशाची कांडी. ग्रहांची छापील रंगवायची पुस्तकं नकोत, रेघा दुसऱ्याने आधीच मारून ठेवलेल्या असतात. प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ आणि तिथी त्याच्याकडून लिहून घ्या. लाइटबिलांची मागची बाजू चालू द्या, पण पावती आधी काढून ठेवा.

आणि परात जुनी घ्या. गोट्यांचे पोचे पडतात.