पहिली चार माणसं कामाला ठेवताना

ताई, पोळीभाजी केंद्रात चार बायका कामाला ठेवल्यात, मनापासून अभिनंदन! आता तुमचं काम पोळ्या लाटणं नाही, लाटून घेणं. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

- पगाराची तारीख चुकवायची नाही. गिऱ्हाइकाकडे पैसे अडकले तरी ७ तारीख म्हणजे ७ तारीख. उचल दिली की लगेच वहीत मांडा, दोघींच्या सह्या घ्या.
- चव तुमच्या हातात ठेवा, बाकी सोडा. लिज्जत पापडवाल्या बायकांकडे बघा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे पीठ केंद्रावर मळतात, सभासद बहिणी ते घरी नेऊन पापड लाटतात आणि परत आलेला पापड तपासूनच घेतात. तुम्हीही मसाल्याचं, मिठाचं माप ठरवून द्या. लाटताना मात्र सारखं मागे उभं राहू नका.
- चूक झाली तर बाजूला घेऊन बोला.

नव्याने धंदा करणारे हमखास फसतात ते नात्यातल्या माणसाला काही न ठरवता ठेवून. वहिनी असो की मावसबहीण. वेळ, काम, पगार, सुट्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. तेव्हा अवघड वाटतं, पण नंतर नातं तुटण्यापेक्षा ते बरं.

रोजचे डबे वेळेवर जाईपर्यंत दुसऱ्या शाखेचा विचार नको. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) १० माणसांपासून, पीएफ २० पासून लागतो, ते पुढे बघू. एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी मात्र राहिली असेल तर याच आठवड्यात करा.