तुकड्यांना गिरकी कोण देतं?

प्रश्न : कॅलिफोर्नियम-252 आपोआप फुटतं तेव्हा मूळ केंद्रकाचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवतीची गिरकी, शून्य असतो. तरी दोन्ही तुकडे गरगरत निघतात आणि ही गिरकी फुटल्यानंतर येते, असं वाचलं. ऑक्सिजनचा झोत थोरियमवर मारून केलेल्या विखंडनातही तसंच समजायचं का, सर?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नाही, बाय. ते सरसकट लावू नकोस.

तू वाचलास तो प्रयोग फ्रान्समधल्या ओर्सेचा, 2021 साली प्रसिद्ध झालेला. तिथं थोरियम-232 आणि युरेनियम-238 वेगवान न्यूट्रॉननी फोडलं होतं. कॅलिफोर्निय‍म आपोआप फुटत होतं. तिन्हींत मुळात फिरणं नगण्यच. एका तुकड्याचा स्पिन जोडीदाराच्या स्पिनशी जुळत नाही, असं दिसलं. त्यावरून गिरकी ही दोन तुकड्यांना जोडणारी मान तुटल्यानंतरची, असा निष्कर्ष निघाला. तोही सर्वमान्य नाही. गिरकी आधी आली तरी स्पिन असे न जुळणारे असू शकतात, हे रँड्रुप आणि फोग्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं.

ऑक्सिजन-16 थोरियम-232 च्या मध्यावर न आदळता जरा कडेला लागला, की तयार होणारं कॅलिफोर्नियम-248 जन्मतःच फिरत असतं. चवथीची फुगडी आठव. हात घट्ट धरून दोघी एकमेकींभोवती फिरतात, तेव्हा प्रत्येकीचं तोंडही दर फेरीला चारी दिशांना फिरून येतं. हात सुटले तरी प्रत्येकीत ती गिरकी उरते.

आता हे वहीत करून बघच. एकमेकांना चिकटलेले दोन सारखे गोल घे. वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग हे एकक धरलं, तर स्वतःभोवती फिरण्याचं जडत्व प्रत्येकी 2/5, दोघांचं 4/5. एकमेकांभोवती फिरण्याचं 2. सगळं एकत्रच फिरतं, म्हणून एकूण कोनीय संवेगातला (फिरण्याच्या मापातला) 2/7 वाटा तुकड्यांच्या स्वतःच्या गिरकीचा. समजा एकूण 35 एच-बार (कोनीय संवेगाचं केंद्रकांसाठीचं एकक) आहे, तर दोघांना मिळून 10. उरलेले 25 कक्षीय गतीत जातात.

यात भर पडते ती तापलेल्या केंद्रकाच्या वाकण्या-पिळण्याची. मोजमापात झोताने दिलेली गिरकी आणि ही भर, दोन्ही एकत्रच येतं. तुकडे आधी न्यूट्रॉन सोडून थंड होतात, पण स्पिन उतरतो तो मुख्यतः गॅमा किरणांनी, बऱ्याचदा एका पायरीला 2 एच-बार. म्हणून दर विखंडनामागे किती गॅमा निघाले ते मोजतात. गॅमांच्या वर्णपटात झिर्कोनियमची रेषा ओळखली, की कॅलिफोर्नियमचे 98 प्रोटॉन वजा झिर्कोनियमचे 40, उरले 58, जोडीदार सेरियम! हे मला फार सुंदर वाटतं.

दोन्ही वाटे वेगळे कसे करायचे, हा खरा प्रश्न. नुसती झोताची ऊर्जा वाढवलीस तर फिरणंही वाढतं आणि तापमानही. काहीच उलगडत नाही. त्यापेक्षा तेच कॅलिफोर्नियम-248 दुसऱ्या जोडीतून घडवायचं : बोरॉन-11 आणि नेप्चुनियम-237. उत्तेजन-ऊर्जा (केंद्रकात आलेली जादा ऊर्जा) सारखी ठेवली की तापमान जवळपास तेच, पण बोरॉन हलका असल्यामुळे फिरणं कमी. मग गॅमांच्या संख्येत पडेल तो फरक मुख्यतः झोताने दिलेल्या गिरकीचा.