बूर्त्झी आणि बुरूज

प्रश्न असा आहे: ग्रीसमधल्या नाफ्प्लिओ शहरासमोर, भर बंदरात एका खडकावर जो लहानसा किल्ला आहे, त्याला ‘बूर्त्झी’ म्हणतात. हा आपला ‘बुरूज’च का? आणि प्रवासवर्णन मराठीत आणताना सरळ ‘बुरूज’ लिहिलं तर चालेल का?

शब्द एकच आहे. भाषांतरात मात्र ‘बुरूज’ लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ अरबी शब्द ‘बुर्ज’, म्हणजे मनोरा. दुबईच्या बुर्ज खलिफामुळे तो आता सगळ्यांच्याच कानावरून गेलेला आहे. अरबीतून तो फारसीत आणि तिथून मराठीत आला. शब्दाच्या शेवटी असं जोडाक्षर आलं की मराठी ते सोडवून घेते: ‘हुक्म’चा हुकूम झाला, ‘मुल्क’चा मुलूख झाला, तसाच ‘बुर्ज’चा बुरूज. तिकडे तुर्कीत त्याचं ‘बुर्च’ झालं आणि उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या अमलात ग्रीकांच्या तोंडी ‘बूर्त्झी’. किल्ला बांधला व्हेनिसच्या लोकांनी, 1473 च्या सुमारास. तुर्कांनी शहर घेतलं 1540 मध्ये, नाव त्यांच्यामागून आलं. मेथोनी आणि कारिस्तोस इथल्या पाण्यातल्या वा पाण्याकाठच्या किल्ल्यांनाही बूर्त्झीच म्हणतात.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. अरबी ‘बुर्ज’ हाच मुळात ग्रीक ‘पिर्गोस’वरून आला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ते खरं धरलं तर हा शब्द ग्रीसमधून निघाला आणि अरबी-तुर्कीचा फेरा करून शेकडो वर्षांनी वेगळ्याच रूपात ग्रीसला परतला. ‘पिर्गोस’ही तिथे जिवंत आहेच, नाफ्प्लिओच्याच पेलोपोनीस द्वीपकल्पात, मानी भागातल्या उंच दगडी घरांना पिर्गोस म्हणतात.

आता अर्थाकडे वळू. मराठीत बुरूज म्हणजे तटाचा बाहेर आलेला भाग, जिथून दोन्ही बाजूंच्या तटाशी आलेल्या शत्रूवर मारा करता येतो. तो किल्ल्याचा अवयव आहे, अख्खा किल्ला नव्हे. बूर्त्झी हा स्वतंत्र किल्ला. बंदराच्या तोंडाशी साखळी ओढून गलबतं अडवायची, हे त्याचं काम. एकोणिसाव्या शतकात पालामिदी गडावरच्या कैद्यांना फाशी देणारे जल्लाद इथे राहत, कारण गावात त्यांना कुणी शेजारी करून घेईना. अशा जागेला आपल्याकडे जलदुर्ग किंवा जंजिरा म्हणतात, आणि ‘जंजिरा’ही अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट यावरूनच आला.

बुरूज हा शब्द शोभेल तो शहरामागच्या पालामिदीच्या वर्णनात. शहर मधल्या काळात पुन्हा व्हेनिसकडे आलं होतं, तेव्हा व्हेनिसने 1711 ते 1714 या काळात, समुद्रसपाटीपासून 216 मीटर उंचीवर तो उभारला. लोक 999 पायऱ्या सांगतात. अखिलीस, लिओनिदास, मिल्तिआदिस अशी प्राचीन वीरांची नावं तिथल्या बुरुजांना आहेत आणि 1822 मध्ये, गड पुन्हा तुर्कांकडे असताना, ग्रीक बंडवाले अखिलीस बुरुजावरूनच आत शिरले. त्या विजयामुळे नाफ्प्लिओ पुढे 1834 पर्यंत नव्या ग्रीसची राजधानी होऊ शकलं.

तेव्हा लिहिताना ‘बूर्त्झी हा जलदुर्ग’ आणि ‘पालामिदीचे बुरूज’ असं लिहावं. ‘बुर्जी’ मात्र टाळावं. आपण ‘जी’मधला ज ‘जीवन’सारखा म्हणतो, ग्रीक उच्चार ‘जाळं’मधल्या ज च्या जवळचा आहे.