‘रिसरेक्शन प्लांट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: शाळकरी मुलांसाठी लेख अनुवादताना ‘रिसरेक्शन प्लांट’ला ‘पुनरुत्थान वनस्पती’ म्हणावं की सरळ ‘संजीवनी’? सोबत नमुन्याचं वाक्यही आहे: ‘ही वनस्पती दुष्काळात मरते आणि पाऊस पडताच जिवंत होते.’

मला दोन्ही शब्द पटत नाहीत. पुनरुत्थान होतं ते मेलेल्याचं. ईस्टरच्या संदर्भात तो शब्द मराठीत पक्का रुळलेला आहे. संजीवनी म्हणजे दुसऱ्याला जिवंत करणारी. बाजारात त्या नावाने सेलाजिनेला या नेच्यासारख्या वनस्पतीची वाळकी, मुठीसारखी वळलेली रोपं मिळतात हे खरं, पण तिथे पाणी पिऊन सावरते ती वनस्पती स्वतःच.

खरी खुबी मराठी क्रियापदांत आहे. रोप आधी मलूल होतं, मग कोमेजतं, मग वाळतं. कोमेजलेलं रोप पाणी घातलं की तरारतं. वाळलेलं मात्र आपण उपटून टाकतो, कारण वाळण्यावरून परत येणं नसतं. ‘रिसरेक्शन प्लांट’ म्हणतात त्या वनस्पती नेमक्या तिथून परत येतात. आतलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी गेलं तरी त्या मेलेल्या नसतात, वाळलेल्या असतात.

हे जमतं कसं? पाणी उतरायला लागलं की पेशींत साखर साठते. आफ्रिकेतल्या क्रेटरोस्टिग्मा या अशाच एका वनस्पतीमध्ये आठ कार्बन अणूंची एक वेगळीच साखर असते. वाळताना तिची जागा सुक्रोज घेतं. चिक्कीचा पाक गार झाला की काचेसारखा कडक होतो ना, तसं काहीसं पेशीत घडतं. त्या काचेत प्रथिनं आणि पेशीपटल जागच्या जागी धरून राहतात. बी वाळूनही रुजतं, त्यामागची युक्ती हीच. या वनस्पती ती पानांत वापरतात.

पाणी वर चढण्याची गोष्ट त्याहून अवघड. दक्षिण आफ्रिकेच्या खडकाळ टेकड्यांवर मायरोथॅम्नस नावाचं झुडूप आहे, पंख्यासारखी पानं मिटून घेणारं. ते वाळलं की जलवाहिन्यांत हवा शिरते, म्हणजे पाण्याची सलग धार तुटते. पानंच वाळलेली, त्यामुळे एरवी बाष्पोच्छ्वासाने, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ उडाल्याने, बसणारी ओढ नसते. पाऊस पडल्यावर अरुंद वाहिन्यांतून केशाकर्षणाने पाणी वर सरकतं, मुळांचा दाब खालून रेटा देतो, आणि धार पुन्हा सांधली जाते. इथे ‘पालवते’ लिहू नका. पालवी नवी असते. इथे जुनीच पानं उघडतात.

उघडणं आणि जगणं यांतही फरक करा. ‘मरियमचं फूल’ म्हणून मिळणारी अ‍ॅनास्टॅटिका पाण्यात टाकली की उलगडते, पण ती मेलेली असते. ओल्या काडीचा तो निव्वळ फुगवटा. तिच्यासाठी ‘उलगडते’ एवढंच पुरे.

तांत्रिक लेखात मी ‘शुष्कतासहिष्णू’ वापरेन, ‘अवर्षणसहिष्णू’ नाही. अवर्षण निवडुंगही सोसतो, पण तो पाणी साठवून. या वनस्पती पाणी जाऊ देतात. आपल्याकडेही त्या आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ प्रजाती जाहीर केल्या. त्याआधी जेमतेम नऊ माहीत होत्या. एप्रिलमध्ये सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, ट्रायपोगॉन गवताचा झुबका हातात घ्या, कुरकुरीत लागतो. पहिल्या पावसानंतर तोच झुबका हिरवा दिसतो.

तर मुलांच्या लेखात नाव ‘पुन्हा तरारणारी वनस्पती’, आणि तुमचं वाक्य असं: ‘ही वनस्पती दुष्काळात पार वाळते, पण मरत नाही, पाऊस पडला की त्याच पानांनी तरारते.’